दीड वीत

वहिनी जाऊन महिना होत आला, तरी दुपारी ओटीवर जरा टेकले की मागच्या खोलीतून हाक येते असं वाटतं, "कुठं पोचला गो?" वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दाभोळच्या या घरात आम्ही दोघींनी भांडत भांडत एकाच चुलीवर संसार केला. थोरले दीर बोटीवर असायचे, त्यांनी ओटीवर जगाचा नकाशा लावलेला. वहिनी त्यावर वितीनं अंतर मोजायच्या. मुलगा मंदार ऑकलंडला नोकरीला गेला तेव्हा नकाशात दाभोळ नाही म्हणून त्यांनी तिथं आपली टिकली चिकटवली, वीत टाकली आणि म्हणाल्या, "दीड वीत. जवळच आहे की!" मी म्हटलं, बोटं ताणली की सगळंच जवळ. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी "घरी न्या, कुणाला बोलवायचं ते बोलवा" म्हटलं आणि मंदार निघाला. ऑकलंडहून सिंगापूर साडेदहा तास, तिथून मुंबई साडेपाच, आणि मुंबईहून दाभोळ गाडीनं पुन्हा आठ! रत्नागिरीचा विमानतळ होतोय होतोय म्हणतात, तो होईल तेव्हा होईल. सकाळी वहिनींना धाप लागली. डोळे दाराकडे. मला राहवेना, म्हटलं, "सिंगापूर सुटलं हो." थोड्या वेळानं त्यांचे हात गार लागले आणि मी घाबरून मंदारला मुंबईत उतरवूनसुद्धा टाकलं. तेवढ्यात त्याचा फोन... पहिलंच विमान उशिरा पोचलं, पुढचं चुकलं, तो अजून सिंगापुरातच होता. आईशी बोलतोस का विचारलं. "नको काकी. मला रडू फुटेल, तिला कळेल."

आता बोललेलं मागे घेता येईना आणि गाडी फार पुढेही नेता येईना. तो यायला अजून रात्र जायची होती, आणि वहिनींचा श्वास तर मोजका उरलेला. "कुठं पोचला गो?" पनवेल. "आता?" महाड. पुढे कशेडी, खेड, दापोली... आणि मग दार! दापोलीनंतर काय सांगणार? पुन्हा हाक आली तेव्हा "कशेडीच्या घाटात..." म्हणून मी उगाच त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं.

"घाटात ट्रक उलटला असेल," त्याच म्हणाल्या.

"हो वहिनी, ट्रकच."

"मग घाई करू नको म्हणावं. सावकाश ये..." दम खाल्ला. "आणि तू चार घास खाऊन घे गो. सकाळपासून विमान हाकतेयस."

दिवेलागणीला त्या गेल्या. माझं खोटं त्यांना कधी कळलं, देव जाणे. बोटीवरच्या माणसाची बायको, जन्मभर वाट बघितलेली. तिला फसवणारी मी कोण? त्या दिवशी मी खूप रडले, आणि हसूही येत होतं.

मंदार दुसऱ्या दिवशी पोचला. तोवर आम्ही त्यांना ठेवलं होतं. सगळं त्यानंच केलं. परत जायच्या दिवशी बॅग दारात ठेवून तो नकाशापाशी उभा राहिला. अंगठा ऑकलंडवर ठेवून त्यानं वीत टाकली. करंगळी सिंगापूरवर टेकली. तिथून टिकलीपर्यंतची जागा तो बघत राहिला.

"काकी," तो म्हणाला, "एवढंच राहिलं होतं."