अलंकारबाईंचं सरळ वाक्य

शाळेच्या दारातल्या फळ्यावर मी खडूने लिहिलं, 'आपल्या अलंकारबाई मेल्या.' हेडमास्तर चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिले. हे नवे हेडमास्तर, वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "अहो बाई, हे काय लिहिलंत? 'काळाच्या पडद्याआड गेल्या' लिहा. निदान 'दुःखद निधन' तरी."

"तुम्हीच लिहा," मी म्हटलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. "मी गणिताची बाई. मला सजवून लिहिता येत नाही."

त्यांनी माझं पुसलं आणि वळणदार अक्षरात 'दुःखद निधन' लिहिलं. त्यांचा राग येऊन उपयोग नाही. ते या शाळेत आले तेव्हा अलंकारबाई निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. माझं वाक्य किती महागात पडलेलं वाक्य होतं, हे त्यांना कुठून कळणार?

माझा वर्ग आणि अलंकारबाईंचा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं, तेही वरून उघडं. इकडे माझे पाढे आणि तिकडे त्यांची उपमा-रूपकं, असा आमचा संसार वर्षानुवर्षं चालला. पोरं मला पाढेबाई म्हणत आणि त्यांना अलंकारबाई, आणि दोघींनाही ते माहीत होतं. माझ्या वर्गातली पोरं भागाकार अर्धा टाकून तिकडे कान लावायची. मी डस्टर आपटायची. पण खरं सांगायचं तर कान माझेही तिकडेच असायचे.

कारण बाईंची शिकवण्याची तऱ्हाच जगावेगळी. त्यांचा एक नियम होता. अलंकार शिकवला की दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक उदाहरण आणायचं, आणि ते आपल्या घरात त्या आठवड्यात खरोखर कुणीतरी बोललेलं पाहिजे. पुस्तकातलं चालायचं नाही. जो गाईडमधलं उदाहरण आणेल त्याने तास संपेपर्यंत उभं राहायचं. आणि गाईडमधलं उदाहरण त्यांना वासावरून कळायचं.

मग काय, अख्ख्या गावाच्या घरातल्या गोष्टी पार्टिशनवरून माझ्याकडे यायच्या. उपमेच्या दिवशी एकजण म्हणाला, आई बाबांना म्हणाली, तुमचं डोकं अंड्यासारखं झालंय. बाई म्हणाल्या, "छान. 'सारखं' म्हटलं म्हणजे दोन वस्तू अजून वेगळ्या आहेत. डोकं डोकंच आहे, अंडं अंडंच." रूपकाला एक मुलगी म्हणाली, आमची आत्या म्हणजे फौजदार. "बघा, इथे 'सारखी' नाही. आत्या आणि फौजदार एकच होऊन बसले." चेतनगुणोक्तीला कुणाचा तरी नळ रुसला होता आणि कुणाचं कपाट कण्हत होतं. "निर्जीव वस्तूला जीव दिला, माणसासारखं वागवलं, की ती चेतनगुणोक्ती." एकाच्या आजोबांनी त्याचे मार्क बघून 'वा, काय उजेड पाडलास' म्हटलं होतं. हसून हसून तिकडचा वर्ग लोळला, इकडे माझा. स्तुतीच्या आडून केलेली निंदा कशी असते, ते त्या दिवशी मलाही कळलं, आणि मी ते आमच्या हेडमास्तरांवर लगेच वापरूनही पाहिलं. तेव्हाचे हेडमास्तर वेगळे होते, त्यांना कळलं नाही.

स्टाफरूममध्येही बाई कुणाला सोडत नसत. मी म्हटलं की भुकेने जीव चाललाय, की डबा उघडता उघडता म्हणायच्या, "अतिशयोक्ती. जीव जागेवर आहे, पोळी घे." नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा. त्याला त्यांनी एकटीने वाढवलं. आईची भाषा त्याच्या गावीही नव्हती. तो वायरमन झाला, खांबावर चढायचा. बोलायला एकदम धोपट. मी घरी गेले की बाई त्याला विचारायच्या, "बायको कशी आहे रे, एखादी उपमा दे." तो म्हणायचा, "चांगली आहे." आणि बाई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. पण चेहरा असा खुललेला असायचा की सांगता सोय नाही.

तो मुलगा खांबावरून पडून मेला. लाइन बंद केली आहे असं त्याला सांगितलं होतं, आणि ती बंद नव्हती. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

बाई पुन्हा कामावर आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, खंबीर बाई आहे. ताठ उभ्या राहून शिकवत होत्या. डबाही खायच्या. मी घाबरत घाबरत विचारलं, "घरी कसं आहे?" म्हणाल्या, "ठीक. त्याची हल्ली ड्यूटी लांबते आहे." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "उशीर होतो त्याला. दमून येतो." आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यातला आडपडदा पकडणारी बाई, आणि आता स्वतःच त्याच्याआड जाऊन बसली होती. मला रडूही येत होतं आणि रागही. पण बोलायचं धाडस कुणाला? हेडमास्तरांनी तर प्रार्थनेनंतर मुलांना बजावून ठेवलं होतं, की बाईंसमोर त्या गोष्टीचा एक शब्दही काढायचा नाही.

एका रविवारी त्यांची सून माझ्याकडे आली. दारात चप्पल काढून तशीच उभी. मी म्हटलं, "ये गं, बस." ती बसली आणि एकदम म्हणाली, "मावशी, मी तुमच्याकडे थोडी रडू का?"

मी दार लावून घेतलं. ती रडली, चांगली पोटभर रडली. मग तोंड धुऊन सांगायला लागली. घरात त्याचा शर्ट अजून खुंटीला आहे. सासूबाई रोज त्याचं ताट मांडतात, झाकून ठेवतात, सकाळी तेच काढून दोघी खातात. हिचे डोळे भरून आले की सासूबाई म्हणतात, "असं काय करतेस, येईल ना तो." भाऊ दोनदा न्यायला येऊन गेला. माहेरी शिवणाच्या कारखान्यात काम मिळतंय.

"मग जा की," मी म्हटलं.

"कशी जाऊ? त्या म्हणतात तो ड्यूटीवर आहे. म्हणजे मी वाट बघणारी बायको. वाट बघणारी बायको घर सोडून जाते का? मी गेले तर त्या म्हणतील, मुलगा परत आला आणि बायको नव्हती. मावशी, मला त्या घरातून ना जाता येतंय, ना तिथे रडता येतंय. त्यांनी एकदा सरळ म्हटलं पाहिजे. एकदाच. मी म्हटलं तर त्यांना ऐकूच येत नाही."

मी तिला म्हटलं, बघते. काय बघणार होते, कपाळ. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तोंड उघडलं आणि बाईंनी आपला डबा माझ्याकडे सरकवला, म्हणाल्या, "लोणचं घे." मी लोणचं घेतलं. विषय तिथेच संपला.

आणि मग अभ्यासक्रमात पर्यायोक्ती आली.

पार्टिशनच्या पलीकडून मी ऐकत होते. "एखादी गोष्ट सरळ न सांगता आडवळणाने सांगणं म्हणजे पर्यायोक्ती," बाई म्हणाल्या. "उद्या उदाहरणं. नियम माहीत आहे." माझ्या हातातला खडू तिथेच थांबला. गावात त्या महिन्यात आडवळणाने काय बोललं जात होतं, ते मला माहीत होतं, पोरांना माहीत होतं. फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गाला लेखी गणितं दिली, म्हणजे शांतता राहील. पलीकडे पहिला मुलगा उठला आणि त्याने गाईडमधलं वाक्य घडाघडा म्हटलं. "गाईड," बाई म्हणाल्या. "उभा राहा." दुसरा उठला. तेही गाईडमधलं. "उभा राहा." तिसरी, चौथा, पाचवा. बाकं सरकल्याचा आवाज येत राहिला. नंतर नंतर बाई 'गाईड' म्हणेनाशा झाल्या. शेवटची मुलगी बोलून उभी राहिली. अख्खा वर्ग उभा होता.

"सगळे?" बाईंनी विचारलं.



"या महिन्यात तुमच्या कुणाच्याच घरी कुणी आडवळणाने बोललं नाही?"

मी पार्टिशनपाशी जाऊन उभी राहिले. माझ्या वर्गातली पोरं पेन खाली ठेवून बसली होती.

मग एका मुलीचा आवाज आला, अगदी बारीक. "बोलले, बाई. पण ते तुमच्याबद्दल आहे. आणि सरांनी सांगितलंय, बोलायचं नाही."

मग बाई म्हणाल्या, "माझ्या तासाला माझा नियम. सांग, तुझ्या घरी काय म्हणाले?"

"आई म्हणाली, बाईंच्या घरचा दिवा विझला."

फळ्यावर खडू चालल्याचा आवाज आला. बाई ते लिहून घेत होत्या. "दिवा म्हणजे मुलगा. हे रूपक झालं. पुढे."

"बाबा म्हणाले, बाईंवर आभाळ कोसळलं."

"आभाळ कोसळत नाही. अतिशयोक्ती. पुढे."

"आजी म्हणाली, काळाने त्याला ओढून नेलं."

खडू थांबला. मग पुन्हा चालला. "ही मात्र पर्यायोक्ती. बरोबर आणलंस." आवाज फाटला होता, पण शिकवत होत्या. एकेका पोराकडून त्यांनी घेतलं. कुणी म्हणालं देवाला आवडला, कुणी म्हणालं बाईंची काठी मोडली. एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडे कुणी काहीच म्हणालं नाही, बाई. बाबा नुसतेच दाराकडे बघत बसले. ते तुमच्या मुलाबरोबर खांबावर काम करायचे." बाई म्हणाल्या, "ते पण लिहिते." आणि फळ्यावर काय लिहिलं, मला दिसलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "आता यातलं काहीही न वापरता सांगा. काय झालं?"

कोण बोलणार? बारा-तेरा वर्षांची पोरं ती. मला वाटलं, पार्टिशन ओलांडून जावं आणि बाईंना घरी घेऊन जावं. तेवढ्यात त्यांचाच आवाज आला.

"माझा मुलगा मेला."

मग म्हणाल्या, "अलंकार ओळखा."

मी पार्टिशनला धरून उभी होते. पलीकडून त्याच बारीक आवाजाची मुलगी रडत रडत म्हणाली, "नाही, बाई. यात कुठलाच नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "बसा."

आणि अख्खा वर्ग खाली बसला.

शाळा सुटल्यावर मी न विचारता त्यांच्याबरोबर चालत गेले. रस्त्यात आम्ही भाजी घेतली. त्यांनी दोन जुड्या परत ठेवल्या आणि म्हणाल्या, "दोघींना एवढी कशाला." घरी गेलो तर सून ताटं पुसत होती, आणि तीन काढलेली होती. बाईंनी त्यातलं एक उचललं, पुन्हा मांडणीवर उभं करून ठेवलं. मग तिच्यासमोर बसल्या.

"तो मेला गं," त्या म्हणाल्या. "आता येणार नाही. तू रड."

ती पोर कशी रडली ते मी सांगणार नाही. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि स्वतः खुंटीवरच्या शर्टाकडे बघत होत्या. मी चहा ठेवला, तो उकळून उकळून काळा झाला, कुणीच प्यायला नाही.

नंतर बाईंनीच तिच्या भावाला फोन करून बोलावलं. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, "आता तरी तिला राहू द्या, तुम्हाला कोण आहे?" म्हणाल्या, "ती माझ्या मुलाची वाट बघायला इथे राहिली होती. वाट संपली." तिची बॅग त्यांनी स्वतः भरली. शर्टही घडी करून त्यातच ठेवला. ती तो बाहेर काढायला लागली, तर म्हणाल्या, "ने. तो माझ्याशी बोलायला लागतो." मी मनात म्हटलं, चेतनगुणोक्ती, आणि स्वतःचाच राग आला मला.

रिक्षा निघाल्यावर बाई दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "कसं वाटतंय?" त्यांच्याकडे शब्दांची वानवा होती का? म्हणाल्या, "वाईट वाटतंय." आणि आत गेल्या.

पुढे निवृत्त होईपर्यंत त्या तशाच शिकवत राहिल्या. पर्यायोक्तीसुद्धा शिकवली, दरवर्षी. सुनेचं दुसरं लग्न झालं, दोन मुलं झाली. त्यांना घेऊन ती मधूनमधून यायची. बाई त्या मुलांना त्यांच्या घरच्या उपमा विचारायच्या. शेवटी शेवटी बाईंना दिसत नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी जाऊन बसायची. आज सकाळी शाळेत येताना डोकावले तर दार लोटलेलं, बाई खुर्चीत, आणि हात गार.

तर हेडमास्तरांनी फळ्यावर 'दुःखद निधन' लिहिलं आणि ते आत गेले. मी तिथेच पायरीवर बसले आणि सुनेला फोन लावला. माझा आवाज ऐकूनच ती घाबरली. "काय झालं, मावशी?" तिने विचारलं.

माझ्या तोंडावर सगळं आलं होतं. आई आपल्याला सोडून गेली, सुटली बिचारी, देवाने नेलं. सगळं गिळलं.

"तुझी सासू मेली गं," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "मावशी, रडू का?"

"रड," मी म्हटलं. "मी धरलाय फोन."