पहिल्या टाळीचे मानकरी

गादीवाल्यांचं दुकान मुख्य रस्त्यावर होतं, आणि त्यात गाद्याही चांगल्या मिळत. पण शहरात त्यांचं नाव झालं होतं ते टाळीमुळे.

शहरातल्या सभागृहात मोठ्या ऑर्केस्ट्राचे शास्त्रीय कार्यक्रम होत. तिथला एक दंडक होता. एकेका रचनेचे तीन-चार भाग असतात. एक भाग संपला की वादक थांबतात, घाम पुसतात, श्रोत्यांतले खोकणारे पोटभर खोकून घेतात. पण टाळी मात्र वाजवायची नाही. टाळी सगळं संपल्यावरच. मधेच एखाद्याने वाजवली, तर त्याने शेजारच्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं लोक त्याच्याकडे बघतात. त्यामुळे मोठमोठी सुशिक्षित माणसं तिथे हात मांडीवर घट्ट धरून बसायची आणि एका डोळ्याने गादीवाल्यांकडे बघायची. गादीवाल्यांची टाळी कधी चुकली नव्हती. गाद्या थोपटून थोपटून त्यांचे पंजे चांगले रुंद झाले होते; पहिली टाळी पडली की शेवटच्या रांगेतले झोपलेलेही 'वा!' म्हणत उठायचे.

आता खरं सांगायचं तर संगीतातलं गादीवाल्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते काठी हलवून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या संचालकाचे खांदे बघायचे. ही विद्या दुकानातली. गिऱ्हाईक गादीवर आडवं होतं, "जरा कडक वाटते हो," म्हणतं, नाक मुरडतं. पण त्याचे खांदे सैल पडले की गादीवाले मुकाट्याने गादी बांधायला घेत. तोंड खोटं बोलतं, खांदे नाही. संचालकाचंही तसंच. दोन भागांच्या मधे त्याचे खांदे ताठ असतात, आणि सगळं आटोपलं की पोतं उतरवल्यासारखे खाली येतात. खांदे खाली, की टाळी!

एवढ्या एका टाळीला गादीवाले जिवापाड जपायचे, त्याचं कारण त्यांचे व्याही. मुलगी दिली होती दातांच्या डॉक्टरांच्या घरी. व्याहीबुवा माणूस वाईट नव्हता, पण बोलताना असा काही मान मागे टाकायचा, की समोरच्याला वाटावं आपली दाढ किडलीय. "तुमचं बरं आहे हो," ते म्हणायचे, "गिऱ्हाईक आडवं झालं की तुमचं काम झालं. आमचं तिथून सुरू होतं." मग सगळे हसायचे. गादीवालेही हसायचे, आणि घरी येऊन उशीला बुक्के मारायचे. दोन्ही घरांत शब्द चालायचा तो व्याह्यांचा. फक्त सभागृहात व्याहीबुवा हात मांडीवर ठेवून गादीवाल्यांच्या पंजांकडे बघत बसायचे. जगात तेवढीच एक जागा होती जिथे दातांपेक्षा गादी वरचढ होती.

त्या संध्याकाळी विसाव्या शतकातल्या रचनांचा कार्यक्रम होता. बाहेरगावचे दोन पाहुणे वादक आले होते. एक व्हायोलिनवाल्या बाई आणि एक तालवादक. तालवादकाचा पसारा मंचाच्या कडेला आधीच मांडला होता: ढोल, घंटा, साखळ्या, पत्रे आणि पातेल्यांची झाकणं.

"अहो, हा माणूस वाजवणार आहे की घर बदलतोय?" गादीवालीणबाईंनी विचारलं.

"हळू बोल. आधुनिक आहे ते."

"आधुनिक असू दे, पण झाकणं आहेत तर पातेली कुठे गेली?"

पलीकडच्या खुर्चीवरून विहीणबाईंसोबत आलेले व्याहीबुवा वाकले. "आज कस लागणार तुमचा. या रचनांचा शेवट म्हणे भल्याभल्यांना सापडत नाही."

"ऐकायला कान लागतात, व्याहीबुवा," गादीवाले म्हणाले. एरवी दुकानात ते 'या, बसा' याच्यापुढे जात नसत; पण इथला रुबाब वेगळा.

संचालक आले, आणि गादीवाले खुर्चीच्या कडेवर सरकले. नेहमीचा माणूस, नेहमीचं टक्कल. पण आज पाहुण्यांच्या मानासाठी त्याने नवा कोट शिवला होता, आणि शिंप्याने खांद्यांत कापूस ठासून भरला होता. चांगला कापूस होता, गादीवाल्यांनी लांबूनच ओळखला. दबणारा नव्हता. आत माणूस कोसळला असता तरी कोट ताठच राहिला असता. ज्या कापसावर आजवर पोट भरलं, त्याच कापसाने ऐन वेळी दगा दिला!

व्हायोलिन सुरू झालं. आधी एकच सूर बराच वेळ, मग दार करकरल्यासारखं काहीतरी, मग ऑर्केस्ट्राने एकदम असा दणका दिला की गादीवालीणबाईंनी पर्स छातीशी धरली. मग सगळं हळूहळू विरत गेलं. बाईंनी गज खाली घेतला. सगळे गप्प. शंभर डोळे गादीवाल्यांच्या हातांवर. गादीवाले खांद्यांकडे बघतायत, आणि खांदे कापसाचे! वेळ जात होता. व्याहीबुवांनी भुवई उचलली. ती भुवई बघितली आणि गादीवाल्यांचा तोल गेला.

फाट!

मागोमाग सगळं सभागृह कडाडलं. पुढच्या रांगेतले काही उत्साही उभेही राहिले. संचालक गर्रकन वळले, त्यांनी एक बोट वर केलं, आणि सगळं चिडीचूप झालं. निम्मी रचना अजून बाकी होती. उभे राहिलेले लोक खुर्चीखाली काहीतरी शोधत असल्यासारखे बसले.

व्याहीबुवांनी फक्त मान मागे टाकली.

उरलेली रचना गादीवाल्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ऐकली. ऐकली कसली, सोसली. शेवटी पुन्हा सगळं विरलं. बाईंनी गज खाली घेतला. संचालकांनी काठी ठेवली. शांतता. सभागृह गादीवाल्यांकडे बघत होतं; चुकले तरी मानकरी तेच, दुसरं कोण पुढे होणार?

"वाजवा की," व्याही कुजबुजले.

"संपलं नसलं तर?"

"अहो, काठी ठेवली त्यांनी!"

"पुन्हा उचलतील."

"बाई व्हायोलिन पुसतायत!"

"हल्ली तेसुद्धा संगीतातच धरतात."

कोणा वादकाच्या हातून कागद पडला. दोन रांगा भक्तिभावाने पुढे सरसावल्या. एक रसिक डोळे मिटून डोलायला लागला.

"तुम्हाला काही कळत नाही, ते सांगून टाका एकदाचं," गादीवालीणबाई म्हणाल्या. "माझी पाठ धरलीय."

गादीवाले व्याह्यांच्या कानाला लागले. "व्याहीबुवा, मला यातलं काही कळत नाही. कधीच कळलं नाही. मी खांदे बघून वाजवतो. आज तुम्ही वाजवा."

व्याह्यांचा चेहरा उजळला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो मान ताटात वाढून समोर आला होता. त्यांनी दोन्ही हात उचलले, आणि ते तसेच वितीच्या अंतरावर थबकले. समोर उघडं तोंड आहे आणि उपटायचा दात कोणता ते आठवत नाही, असे. कपाळावर घाम आला. हात हळूहळू खाली आले.

"नको बुवा," ते म्हणाले. "मान तुमचाच."

तेव्हा गादीवाले उठले. हात जोडले आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "बाई, संपलं का?"

"केव्हाच!" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला आवडलं नाही."

आता जो कडकडाट झाला तो कलेसाठी कमी आणि सुटकेसाठी जास्त होता. कोणाची टाळी पहिली पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे हसत होते, संचालकसुद्धा. मध्यंतरानंतर तालवादकाने काहीही हातात घेण्याआधीच सांगितलं, "संपलं की मी दोन्ही हात वर करीन. घाबरू नका."

सभागृहाने इतका मोकळा श्वास घेतला की पडदा हलला.

आता गादीवाल्यांना करायला काहीच काम उरलं नाही. खांदे बघायचे नाहीत, हातांना जपायचं नाही, व्याह्यांची भुवई बघायची नाही. वेळ काढायचा म्हणून मग ते ऐकायला लागले. साखळ्या वाजल्या, पत्रे गडगडले, झाकणं एकमेकांना उत्तरं द्यायला लागली. मधे एकदा गादीवाल्यांचा पाय आपोआप हलला. तो त्यांनी बराच वेळ थांबवला नाही.

बाहेर पायऱ्यांवर गर्दीतून कोपरांनी वाट काढत त्यांनी व्याह्यांना गाठलं. "झाकणांचं बरं होतं. पण साखळ्या लांबवल्या उगाच."

"काय सांगता! साखळ्या हाच तर त्यातला जीव. झाकणं मला सोसेनात."

"तुम्हाला सोसणार नाहीतच. दिवसभर दात कोरायचं यंत्र ऐकता तुम्ही. कान गेलेत तुमचे."

"आणि तुमचे कापसाने बुजलेत!"

विहीणबाई आणि गादीवालीणबाई गाडीपाशी कधीच्या पोहोचल्या होत्या. मागे दिव्याच्या खांबाखाली दोघं व्याही उभे राहून हातवारे करत साखळ्या की झाकणं यावर तावातावाने भांडत होते, आणि दोघांपैकी एकाचीही मान मागे जात नव्हती.