कानाला न कळणारा फरक

कानाच्या मशीनच्या दुकानात ती सोळा वर्षं काम करत होती. म्हाताऱ्या माणसांच्या कानात मशीन बसवायचं, समोर बसून चार शब्द बोलायचे, शिट्टी वाजते का, आवाज फाटतो का विचारायचं आणि बारीक बारीक फरक करत न्यायचं. सगळे तिला ताई म्हणत, सत्तरी ओलांडलेली गिऱ्हाइकंसुद्धा. दुपारी एक ते चार तिथं चिटपाखरू फिरकत नसे. त्या तीन तासांत ती पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकली, आणि तिथंच, मशीनच्या डब्यांमागे लॅपटॉप ठेवून, तिनं एम्युलेटर लिहायला घेतला.

लहानपणी घरात हातात मावणारा एक व्हिडिओ गेम होता. धाकट्या भावाचा. त्याचं खेळून झालं की तिला मिळायचा, म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी संपल्यावर. आता तो कुणी बनवत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे उरला होता त्यांचे पडदे काळे पडले होते. तिला ते खेळ साध्या फोनवर चालवायचे होते. फोननं त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घ्यावं, हेच एम्युलेटरचं काम.

सगळी सोंगं आणता येतात, वेळेचं आणता येत नाही, हे तिला लवकरच कळलं. जुनं यंत्र एका चालीनं एवढंच करी: चित्राची एक ओळ, तिच्याबरोबरचा आवाज, मग पुढची ओळ. फोनच्या मागे छप्पन्न कामं. मध्येच कुणाचा तरी कॉल येई, मध्येच अंग तापलं म्हणून फोन स्वतःच मंद होई. आवाज लगेच सोडला तर तडतडे. थोडा साठवून सोडला तर उडी आधी दिसे आणि तिचा आवाज मागाहून येई. त्यात काचेवरची बटणं. अंगठ्याला कड लागत नाही, तो घसरतो, आणि खेळातला गडी खड्ड्यात.

बटणांचं तिनं वर्षभरात निभावून नेलं: अंगठा जिथं टेकेल तोच बटणाचा मध्य धरायचा. आवाजापाशी मात्र दोन वर्षं घोडं अडलं. मग एकदा एका आजोबांच्या मशीनची शिट्टी घालवताना ती थबकली. शिट्टी मोडायला कानाचं मशीन सूर किंचित सरकवतं, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे ती रोज करत होती. तिनं खेळाचा आवाज तसाच केसभर ताणला, केसभर आवळला आणि बाकी सगळं त्याच्या चालीनं चालायला लावलं. तडतड थांबली. अगदी स्वस्तातल्या फोनवरसुद्धा.

प्रोग्राम लोकांपुढे ठेवायला खातं लागत होतं. ते भावाकडे होतं, कॉलेजात असताना काढलेलं. तुझ्या नावाचं नंतर बघू, म्हणाला. दोन वर्षांत लाखो लोकांनी तो घेतला. तक्रारी भावाला येत, तो त्या तिच्याकडे ढकली, ती चुका काढून देई. त्याच प्रोग्रामच्या जोरावर त्याला मोठ्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा तिनं नावाचा विषय काढला. आईनं तिला समजावलं, की घरातलंच तर आहे सगळं, त्याचं भलं झालं तर तुझं काय जातंय? ती पुन्हा तक्रारी निस्तरायला बसली.

मग भावाला एका संमेलनात भाषणाला बोलावणं आलं. आदल्या दिवशी तो दुकानात येऊन तीन तास बसला आणि सगळं तिच्याकडून वहीत उतरवून घेतलं. ती आईबरोबर तिसऱ्या रांगेत होती. भाषण झाल्यावर एका बाईंनी विचारलं, आवाजाची ही युक्ती तुम्हाला सुचली कशी? भाऊ जरा हसला. एकदा गाडी चालवत होतो, रेडिओ लावला होता, आणि एकदम सुचलं, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही.

बाहेर जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"रेडिओ कुठून आला?"

"ताई, काहीतरी सांगायला लागतं लोकांना."

"माझं नाव सांगायचं."

"आणि मग? तुला तिथं उभं राहून बोलता आलं असतं?"

आपल्याला खरंच बोलता आलं नसतं, असं क्षणभर तिलाही वाटलं, आणि त्या क्षणाचा राग तिच्या मनातून पुढं कधी गेला नाही.

वर्षभरानं फोनची नवी प्रणाली आली आणि तडतड पुन्हा सुरू झाली. लोक भावाला वाटेल ते बोलू लागले. त्याचे दिवसातून चार चार फोन येऊ लागले. एकदाच बघ ना, म्हणे. ती एवढंच म्हणाली, "तूच लिहिलंयस ना? मग तुलाच सापडेल."

त्याला सापडलं नाही. महिन्याभरात त्यानं प्रोग्रामवरचं काम बंद केलं, कोड लोकांसाठी खुला ठेवला आणि प्रोग्रामच्या पानावर लांबलचक निरोप लिहिला: किती दुपारी घातल्या, किती वर्षं झिजलो. शेवटी आभार. त्यात एक ओळ होती, ताईचे, वेळोवेळी केलेल्या चहाबद्दल.

खाली लोक हळहळत होते. आता हे कोण दुरुस्त करणार, असं कुणी विचारलं होतं. तिची सारी हयात दुरुस्तीतच गेलेली, तिला राहवेना. बिघाड तिला पहिल्याच आठवड्यात कळला होता. कुठली ओळ बदलायची ते तिनं लिहिलं, आणि खाली पहिल्यांदाच स्वतःचं पूर्ण नाव.

तासाभरात एकानं लिहिलं, चाललं हो, आवाज एकदम स्वच्छ. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही कोण? तिसरा म्हणाला, आयत्या बिळावर नागोबा बसायला लोक टपलेलेच असतात, दादांच्या मेहनतीचा तरी मान ठेवा. आणखी पाच-सहा जणांनी त्याची री ओढली.

दुपारी तिनं पुन्हा पाहिलं तर तिचं लिहिणं तिथं नव्हतं. ते काढायचा अधिकार त्या पानावर एकाच माणसाला होता. बदललेली ओळ तेवढी त्यानं वर निरोपात चिकटवली होती, स्वतःच्या सहीनिशी.

तिनं त्याला फोन केला नाही. आईनं रविवारी जेवायला बोलावलं, तेव्हा दुकानात काम आहे म्हणाली. दुकान रविवारी बंद असतं, हे आईला ठाऊक होतं. आईनंही पुन्हा विचारलं नाही.