तिसऱ्या थरावर
मैदानावर नुकत्याच मारलेल्या फक्कीचा कोरडा वास आला, की माझे तळपाय आजही थंड पडतात. लातूरच्या इंग्रजी शाळेत मी चौथीत होते. पीटीचे शिक्षक नव्हतेच. तो तास गणिताचे सर स्कॉलरशिपच्या सराव परीक्षेला घ्यायचे. सव्वीस जानेवारी जवळ आली तेव्हा त्यांनीच गळ्यात शिट्टी अडकवली आणि आम्हा मुलींचा मनोरा रचला. सगळ्यांत हलकी म्हणून मी तिसऱ्या थरावर. मी उभी राहिले आणि खालच्या मुलीचे खांदे माझ्या पायांखाली थरथरू लागले. ‘उतरवा’ एवढं म्हणायलाही तोंड उघडेना. “मार उडी! स्कॉलरशिपला भीत नाहीस, अन् याला भितेस होय?” सर लांबून ओरडले. खाली टणक मुरूम होता. मी गुडघे वाकवले, तेवढ्यात शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पीटीच्या बाई फाटकातून धावत आल्या आणि हात वर करून माझ्याखाली उभ्या राहिल्या. “उडी न्हाई मारायची, बाळ. भीती वाटू दे, पण माझ्याकडंच बघ. आधी बस. आता डावा पाय माझ्या खांद्यावर.” जमिनीवर आले तरी मी त्यांचा पदर सोडेना. त्या सरांना हळूच म्हणाल्या, “चढवायच्या आधी उतरायला शिकवावं लागतंय, सर.” सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता मागच्या आठवड्यात भाचीच्या प्रवेशासाठी एका शाळेत गेले, तर तिथल्या मॅडम कौतुकाने संगणक कक्ष दाखवत होत्या. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही, तरी मी मध्येच विचारलं, “पीटीला कोण आहे?” “सगळेच घेतात की,” त्या हसून म्हणाल्या. मी भाचीचा हात धरला आणि फॉर्म तसाच कोरा परत दिला.