ठिणगीचा वास

ऐंशीच्या दशकाअखेर मी बाबांना साखर तपासायला मुलुंडच्या एका दवाखान्यात न्यायचो. तिथे एक वेल्डर हटकून भेटायचे. मधुमेहाने त्यांचे पाय बधिर झाले होते. कामावर बुटात ठिणगी पडली, ती त्यांना कळलीच नाही आणि तळव्याला मोठी जखम झाली.

डॉक्टर त्यांचा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जखम भरावी म्हणून आत ओझोन वायू सोडायचे. एकदा पिशवी सुटताच वेल्डरनी वास घेत नाक वर केलं.

"अहो डॉक्टर, हा तर आमच्या वेल्डिंगचा वास! ठिणगीनं पाय जाळला, आता तिच्याच वासानं बरा करता होय?"

गुण गॅसचा की रोजच्या ड्रेसिंगचा, देव जाणे. जखम मात्र भरत गेली. शेवटच्या दिवशी त्यांनी नवे बूट आणले, उलटे करून आपटले आणि आत हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. मला हसू आलं.

"हसतोस काय रे? पायाला कळत नाही ना, म्हणून हाताला विचारतो."

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. पण दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या बुटात आधी माझा हात जायला लागला. बाबा वैतागायचे. पण पुढे पंधरा वर्षं ते चालले, पायांच्या दहाही बोटांनिशी.