मी म्हणतो तसं कर

आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, आणि याबद्दल माझी काही तक्रार नाही. वडवणीजवळच्या शाळेत चाळीस पोरं माझ्या एका शब्दावर उठतात-बसतात. घरी मात्र मी कधी उठायचं आणि कुठं बसायचं, हे आई आणि माझी बायको सविता ठरवतात.

जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं तेवढं मी एकट्यानं ठरवलं. शाळेतले जाधव सर म्हणाले होते, "फुकट हाय, अन् जुन्या मशिनीवर बी पळतं." टाकलं. पळालं. सविता अंगणवाडी सेविका. गावातल्या सगळ्या लेकरांची वजनं-उंची तिनं पंधरा दिवस बसून त्यात भरली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो तक्ता वडवणीच्या ऑफिसात द्यायचा होता. आणि नेमके घट बसायला दोन दिवस उरले होते.

घट बसायच्या आधी आमच्याकडे अख्खं घर धुऊन काढतात. गोधड्या नदीवर जातात, डबे अंगणात येतात, आणि वर्षभर ज्याला हात लागला नाही ते आई भंगारात घालते. (माझी एम.ए.ची पुस्तकं अशीच गेली.) आदल्या दिवशी तिनं कीबोर्डसुद्धा साबणाच्या पाण्यात बुचकळून माळवदावर वाळत घातला होता. आता ती झाडू घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"वरून म्या धुतलं. आतून कोन साफ करनार?"

मी जाधव सरांना फोन लावला. ते म्हणाले, "हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडा, आतल्या प्रोग्रामांची यादी काढा, नको ते काढून टाका. पन जपून." शेवटचे दोन शब्द मी ऐकले नाहीत असं नाही. ते इतरांसाठी असावेत असं मला वाटलं.

काळ्या खिडकीनं पासवर्ड मागितला. मी टाइप केला, पण पडद्यावर एक ठिपकासुद्धा उमटेना. परत केला. काही नाही.

"आई, कीबोर्ड मेला. कुणी धुतं का कीबोर्ड?"

"मळ किती निघाला ते इचार की."

सविता स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, दिसत न्हाई तर न्हाई. एन्टर तर दाबा." दाबलं. दार उघडलं! पासवर्ड तिथं दिसतच नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. सविताला कसं माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

मग यादी आली. शेकडो नावं, आणि त्यातलं एकही ओळखीचं नाही. मी एकेक वाचत गेलो.

"हे कोन?" आई.

"माहीत न्हाई."

"कदी वापरलंस?"

"न्हाई."

"मग कावून ठिवलंय? काढ."

अशी वीसेक नावं मी एका दमात काढायला सांगितली. संगणक अडला. त्याचं इंग्रजीत म्हणणं असं, की यातलं काही फार गरजेचं आहे, काढाल तर नुकसान होईल. तरीही काढायचंच असेल तर हे वाक्य जसंच्या तसं लिहा: होय, मी म्हणतो तसं कर.

माझ्याच घरात, मीच आणलेल्या मशिनीनं मला अडवावं! मी एकेक अक्षर तपासून ते वाक्य लिहिलं. खरं सांगतो, लिहिताना फार बरं वाटलं.

नावं भराभर वर सरकली. मी संगणक बंद करून परत लावला. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. दुसरं काही नाही.

"झालं स्वच्छ," आई म्हणाली.

सविता कणकेच्या हातानं बाहेर आली. "माजा तक्ता कुटं हाय?"

"आतच असंल."

"आत कुटं? आत काय ठिवलंय तुमी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला मनापासून लाज वाटली.

मी परत फोन लावला, तसे जाधव सर फटफटीवर आले. त्यांनी पेनड्राइव्ह लावून संगणक चालू केला आणि पहिल्यांदा तक्ता शोधला. तो जागेवरच होता. "फाइली हायेत वहिनी, दाखवनारं तेवढं गेलंय," ते म्हणाले. त्यांनी तो दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन तिच्या हातात दिला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मग दोन तास बसून त्यांनी सगळं परत टाकलं.

"पन सर, संगणकानं तुमाला आडवलं न्हाई?" त्यांनी मला विचारलं.

"आडवलं की."

"मग?"

मी काय लिहिलं ते सांगितलं. जाधव सरांनी खाली मान घातली. सविता पदर तोंडाला लावून आत गेली. आई तेवढी शांत होती.

"येवढ्या वर्सांत एकानं तुजं ऐकलं," ती म्हणाली, "अन् बग त्याचं काय झालं."

आता संगणकानं काहीही विचारलं की मी खुर्चीतून उठतो आणि सविताला बोलावतो. तो तिचंही ऐकतो. पण ती आधी वाचते.