कुंचीवर अन्वी, कानात धुरपता

मी ब्लाउज शिवते. भोकरदनला घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. दिवसभर बायका माप द्यायला येतात आणि जाताना एखादी भुताखेताची गोष्ट सांगून जातात. अमकीच्या अंगात आलं, तमकीला विहिरीवर कोणी तरी दिसलं... मी तोंडात टाचण्या धरून हूं हूं करते आणि मनात म्हणते — बायांनो, तुम्हाला घरी कामं नाहीत का गं? सांगायचा मुद्दा, असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. कधीच घातली नाही. पण मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्याच तोंडून जे निघालं, ते मी कोणाच्या माथी मारू? म्हणून लिहायला बसलेय. हसायचं त्यांनी खुशाल हसा.

माझं माहेर केदारखेडा. आई-वडील गेले, आता धाकटा भाऊ संतोष आणि भावजय रेखा, एवढंच माहेर. संतोष शेती करतो. रेखा गुणाची पोर, पण तिची दोन बाळंतपणं अर्ध्यात गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी स्वतः जाऊन तंबी दिली — "रेखा, उंबरा ओलांडायचा न्हाई. पाणी भरायचं न्हाई, शेताकडं तर बिलकुल पाहायचं न्हाई." ती मान डोलवायची. माझ्यापुढं तशी सगळीच मान डोलवतात.

देवाच्या दयेनं सगळं नीट झालं. मुलगी झाली. मी दुकान बंद ठेवून आमच्या गल्लीत पेढे वाटले.

मग नावाचा गोंधळ सुरू. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवीन नावं. संतोषला आधी 'कियारा' पाहिजे होतं. आमचे हे म्हणाले, "हे तर साबणाचं नाव वाटतं." मावसभावानं 'शिवन्या' सुचवलं, ते शेजारच्या दोन घरांत आधीच होतं. शेवटी मी दामटून 'अन्वी' पक्कं केलं. छोटं, गोड, मोठेपणी बँकेत खुर्चीवर बसली तरी शोभेल असं.

आता मी एवढी का तडफडले? कारण माझं नाव मैनाबाई. पणजीचं ठेवलेलं. शाळेत पोरं विचारायची, "मैने, पोपट कुठाय?" लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी नाव ऐकून मध्यस्थाला विचारलं होतं, "स्थळ पोरीचं आहे का पोरीच्या आजीचं?" नाव ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं एक माणूस उभं राहतं — माझ्या नावाला कायम नऊवारीतली म्हातारी उभी राहिली. भाचीच्या वाट्याला हे यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. गुलाबी साटीनची कुंची शिवली आणि कपाळाच्या पट्टीवर स्वतःच्या हातानं रेशमानं भरलं — अन्वी.

बारसं केदारखेड्यालाच, घरापुढच्या मांडवात. दुपारची वेळ, ऊन नुसतं रणरणत होतं. पाळणा सजवला होता, शेजारच्या शांताकाकू पाळणा म्हणत होत्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करून बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं, पाळण्यात निजवलं आणि सगळ्या ओरडल्या — आत्या कुठंय? चला, आत्याबाई, नाव ठेवा!

आमच्याकडं कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आणि आत्यानं एकदा कानात सांगितलं की ते नाव मागं घेत नाहीत. आईबापानं काहीही ठरवलेलं असो. आमची आजी म्हणायची, कानात गेलेलं नाव पुसत नसतं.

मी वाकले. पाठीत धपाधप बुक्के बसायला लागले, बायका खिदळत होत्या. समोर कुंचीवर माझीच अक्षरं — अन्वी. आणि तेवढ्यात मला वास आला. ओल्या घोंगड्याचा. मेंढरं पावसात भिजली की येतो ना, तसला उग्र, उबदार वास. मी मान वर करून शांताकाकूंना विचारलं पण, "काकू, इकडं मेंढरं बसवलीत का?"

"ह्या उन्हाळ्यात कुठली मेंढरं? ती कवाच गेली. तू नाव ठिव जल्दी, पोरगी घामाघूम झाली!"

मी पुन्हा वाकले. "कुर्र..." केलं. आणि बाळाच्या कानात म्हणाले — "धुरपता."

खरंच सांगते, मला वाटलं मी अन्वीच म्हणाले. काही वेगळं झालं असं जाणवलंच नाही. पण पाळण्याशी बसलेल्या रेखाच्या तोंडाकडं पाहिलं तर तिचा रंगच उडालेला. मागून बायकांनी विचारलं, "काय ठिवलं वो नाव?" मी हसत, मोठ्यानं सांगितलं — "धुरपता!"

ह्या वेळी मात्र माझ्या कानांनी ऐकलं. अग बाई...

मांडवात कोणी तरी फिस्सकन हसलं. रेखानं बाळ उचललं आणि आत गेली. संतोष माझ्यापुढं येऊन उभा राहिला. पोरगा कधी माझ्यापुढं आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला.

"आक्का, गंमत करून राह्यली का तू? समद्या लोकाईत माझ्या पोरीचं हसं केलं!"

"अरे संतोष, मी अन्वीच म्हणत होते रे... तोंडातून कसं निघालं मलाच कळंना."

"तोंडातून आपोआप निघतं व्हय? तुझं नाव जुनं म्हणून माझ्या पोरीचंबी जुनंच पाहिजे का?"

हे मात्र काळजात घुसलं. सगळ्या जगात त्याच्या पोरीला जुनं नाव नको म्हणणारी मीच, आणि मलाच हे ऐकावं लागलं. जेवणाच्या पंगती बसत होत्या. मी जेवले नाही. आमचे हे म्हणाले, "चल, दोन घास खा, नाहीतर लोक बोलतील." मी म्हटलं, बोलू द्या. आणि आम्ही परत निघालो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले माझं मला माहीत. संतोषचा फोन नाही, रेखाचा नाही. ग्रुपवर कोणी एक फोटोसुद्धा टाकेना. मी मशीनवर बसायचे आणि बाही उलटी जोडायचे. डोक्यात एकच — माहेर गेलं. एका शब्दापायी माझं माहेर गेलं. आता पंचमीला कोण बोलावणार, दिवाळीला कोणाच्या दारी जाऊ? आणि हे नाव आलं तरी कुठून? आमच्या घराण्यात धुरपता कोणी नाही. सासरी नाही. माझ्या गिऱ्हाइकांत नाही. मी ह्यांना विचारून विचारून भंडावलं. शेवटी ते म्हणाले, "मैना, उन्हानं झालं असेल." म्हटलं, उन्हानं चक्कर येते हो, नाव येतं का?

एके दिवशी सकाळी मी माप घेत होते आणि दारात रेखा. एकटी. बसनं आलेली, पदराखाली बाळ, घामानं निथळत होती. भांडायला आली, दुसरं काय! गिऱ्हाईक बाईला मी उद्या ये म्हणून लावून दिलं.

रेखा बसली, पाणी प्यायली आणि एकदम रडायलाच लागली. "आक्का, तुमाला कुणी सांगितलं? शेतातलं तुमाला कुणी सांगितलं? तुमी ह्यांला तर न्हाई ना सांगितलं?"

"काय सांगितलं? कुठलं शेत?"

तिला वाटत होतं, मला सगळं कळलंय आणि म्हणून मी मुद्दाम ते नाव घेतलं. मला खरंच काही माहीत नाही हे तिला पटायला बराच वेळ लागला. मग तिनं सांगितलं.

हरभरा भरात होता तेव्हाची गोष्ट. तिला सातवा महिना. ओल्या घाट्यांचे डोहाळे लागलेले, पण मागायची चोरी, कारण आम्ही सगळे राखणीला! संतोष बाजाराला गेल्ता. ही गुपचूप मागच्या वाटेनं शेतात गेली. घाटे तोडता तोडता पोटात कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी. त्यात आभाळ फाटल्यासारखा अवकाळी पाऊस. बांधावरच आडवी झाली. शेजारच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली होती. तिथली एक बाई धावत आली, तिला आपल्या पालात नेलं, स्वतःचं घोंगडं तिच्यावर घातलं, गूळपाणी पाजलं, आणि तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. बाळ हलत नव्हतं. रेखा म्हणाली, "आक्का, म्या आशाच सोडल्ती. लई येळानं पोरीनं लाथ मारली. तवा ती बाई माझ्याआधी रडली."

पाऊस थांबल्यावर त्या बाईनं तिला धरून धरून गावाच्या कडेपर्यंत आणून सोडलं. रेखानं नाव विचारलं. बाई म्हणाली, "धुरपता."

"म्या म्हणलं, मावशी, पोरगी झाली तर तुमचंच नाव ठिवीन. ती लई हसली. म्हणली, आगं, आसलं जुनाट नाव कुणी ठिवतं व्हय? चांगलं ठिव."

रेखानं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे शेतात गेल्याचं सांगावं लागलं असतं. संतोष रागावला असता, आणि मी — मी तर तिचं काय केलं असतं, सांगायलाच नको. ग्रुपवर नावं निघाली तेव्हा ती गप्प राहिली. बारशाच्या दिवशी सकाळपासून तिच्या मनाला एकच खात होतं, शब्द दिला आणि मोडला. पाळण्याशी बसून ती मनातल्या मनात त्या बाईची माफी मागत होती. आणि तेवढ्यात मी म्हणाले...

मला आधी घोंगड्याचा वास आठवला. ते तिला सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडलो की बाळ दचकून उठलं. काय सांगू, छातीवरची धोंड उतरली. ती माझ्यावर रागावली नव्हती, मला घाबरली होती! आणि मी तिला!

संध्याकाळी संतोष शोधत आला. रेखानं माझ्यासमोरच त्याला सगळं सांगितलं. त्यानं रेखाजवळून बाळ घेतलं. मग म्हणाला, "घाटेच खायचे व्हते तर मला म्हणायचं न्हाई व्हय? पाटीभर आणले असते." आणि बाळाला घेऊन दाराकडं तोंड करून उभा राहिला. डोळे पुसत होता, दिसत होतं.

मी म्हटलं, "कागदावर अन्वी लावा, घरात धुरपता म्हणा. शाळेत चिडवतात रे, मला ठाऊक आहे."

पण रेखानं पहिल्यांदाच माझ्यापुढं मान हलवली ती नाही म्हणायला. "न्हाई आक्का. कागदावरबी तेच."

पुढच्या थंडीत मेंढरं पुन्हा आली तेव्हा आम्ही दोघी पोरीला घेऊन पालावर गेलो. धुरपतामावशी ठणठणीत होत्या. नाव ऐकल्यावर आधी त्यांनी रेखाच्या पाठीत धपाटाच घातला. "येडी का खुळी गं तू! माझ्या नातीचं नाव स्वीटी हाय, आन तू पोरीला धुरपता केलं?" मग पोरीला मांडीवर घेऊन पदरानं डोळे पुसत बसल्या.

मी विचारलं, "मावशी, बारशाच्या वक्ताला तुमी कुठं होता? मनात काही आलं होतं का?"

"आमी तिकडं आष्टीच्या बाजूला. मनात काय येणार बाई? मेंढरं राखत असंन, रोजच्यासारखी."

बस. एवढंच उत्तर. म्हणजे त्यांनी पाठवलं नाही, रेखानं सांगितलं नाही, मला माहीत नव्हतं. मग माझ्या जिभेवर ते नाव कोणी ठेवलं? ह्यांना विचारून झालं, शांताकाकूंना विचारून झालं.

परवा संतोषचा फोन आला. "आक्का, दिवाळीला दोन दिवस आधी ये. तुझी धुरपता दारात उभी राहून वाट पाहून राह्यली." मागून रेखाचा आवाज, पोरीचा कालवा. मी फोन ठेवला आणि जुनी कुंची काढली. लहान झालीय आता, पण रेखाकडून मागून आणून ठेवलीय. अन्वीची अक्षरं उसवली नाहीत, त्याखाली धुरपता भरलंय.

कोणाला ह्या प्रकाराचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा. नाव बदला, असं मात्र सांगू नका. आणि पुढं शाळेत कोणी तिला चिडवलं, तर त्यानं आधी भोकरदनला येऊन मैनाबाईला भेटावं.